वेटरच्या हाती काय पडते: टीप की सेवाशुल्क?

पुण्यातल्या हॉटेलांत वेटरला पगाराखेरीज मिळणारी रक्कम दोन वाटांनी येते. टीप ग्राहक स्वखुशीने देतो. बडीशेपेच्या वाटीखाली ठेवलेली वीसची नोट वेटर स्वतः उचलतो, किंवा डब्यात टाकून रात्री आचारी आणि भांडी घासणाऱ्यांसह वाटून घेतो. मात्र यूपीआयने बिल भरणाऱ्याच्या खिशात बहुधा सुटे पैसेच नसतात, आणि ही मिळकत आटते. सेवाशुल्क बिलातच, साधारणतः ५ ते १० टक्के, जोडले जाते. पण ते मालकाच्या गल्ल्यात जमा होते आणि त्यातले कर्मचाऱ्यांपर्यंत किती पोहोचते, हे ग्राहकाला कळत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते परस्पर आकारण्यास मनाई केली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मनाई उचलून धरली.

मला टीपच उजवी वाटते, मात्र तिने पगाराची जागा घेता कामा नये. अमेरिकेच्या संघीय कायद्यात टीप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचे किमान रोख वेतन १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवरच अडले आहे. टीप धरूनही तासाचे ७.२५ डॉलर, म्हणजे तिथले सर्वसाधारण किमान वेतन, भरले नाही, तरच फरक मालकाने द्यायचा. आपल्या किमान वेतनाच्या कायद्यात टीपेपोटी अशी सवलत नाही, आणि ती कधी येऊही नये.