फ्रेनेल प्रिझमची पट्टी : पावसाळ्यापासून वापरतोय, धुळीनं जीव खाल्ला

सायनसच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर ज्यांना एकाचे दोन दिसतायत आणि चष्म्याला प्रिझमची पट्टी लावायला सांगितलीय त्यांच्यासाठीच लिहितोय. माझं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं, हॉस्पिटलचं नाव घेत नाही. नाक मोकळं झालं हे खरं, पण सायनस आणि डोळ्याच्या मधलं हाड कागदासारखं पातळ असतं, ते फुटून डाव्या डोळ्याला नाकाकडं ओढणाऱ्या स्नायूला लागलं आणि डोळा कानाच्या बाजूला सरकला. सोलापुरात सात रस्ता चौकात उभं राहिलं की दोन रिक्षा यायच्या, हात नेमका कुठलीला करायचा? एक डोळा झाकला की सगळं एक.

पट्टी म्हणजे मऊ प्लास्टिकचा तुकडा, एका अंगाला बारीक खाचा, त्या उजेड वळवतात आणि दोन चित्रं एकावर एक आणतात. किती वळवायचं तो प्रिझमचा नंबर, माझी १५ ची. चष्मा स्वस्त आणि पट्टी महाग! सुरुवातीला वाटलं फसलो राव, समोरचं एक झालं पण अंधुक, रात्री गाड्यांच्या लाईटला रेघा. आणि धूळ. सोलापूरची धूळ माहितीच आहे, त्यात मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, सुताचा तूस खाचांत असा बसतो की रुमालानं पुसला तर अजून आत. दुपारपर्यंत सगळं धुकं. दुकानदार प्रत्येक वेळी साफ करायचे पैसे मागायला लागला तेव्हा डोकंच फिरलं.

आता घरीच करतो. पट्टी अलगद सोलायची, कोमट पाण्यात शाम्पूचा थेंब, जुन्या मऊ ब्रशनं खाचांच्या दिशेनंच घासायचं, आडवं नाही. मग पाण्यातच गुळगुळीत बाजू काचेच्या आतल्या अंगाला लावून अंगठ्यानं बुडबुडे काढायचे, रात्रभर वाळू द्यायचं. पट्टी सपाटच दिसते, पण खाचांतल्या बारीक प्रिझमची जाड बाजू नाकाकडं, कोपऱ्यात मार्करनं खूण करून ठेवा, उलटी लागली तर दोन चित्रं अजून लांब जातात.

हे जमल्यापासून मत बदललंय. जिना बिनधास्त उतरतो, वहीतल्या ओळी जागेवर असतात. उजवीकडं नुसती नजर टाकली तर अजून दोन दिसतात, सगळी मान वळवावी लागते, बायको म्हणते घुबड झालाय. नंबर बदलला तर पट्टीच बदलायची, चष्मा तोच, हे मात्र परवडतं.

डॉक्टर म्हणतात डोळा किती सरकलाय ते माप एकदा स्थिर झालं की प्रिझम काचेतच बनवून घ्या, नाहीतर तिरळेपणाचं ऑपरेशन. ऑपरेशनचं नाव सध्या काढूच नका. काच मात्र नाकाकडच्या कडेला जाड होईल म्हणे, होऊ दे की, खाचा तर नसतील!