उजव्या पायाला डावं पाऊल

साताऱ्यात माझं दोन खोल्यांचं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. पेशंटना दाखवायला पायाच्या हाडांचं मॉडेल ऑनलाइन मागवलं. उजवा पाय, मोठ्या माणसाच्या मापाचा, 2,850 रुपये. तीन तारे देतेय, तेही दुसऱ्या पार्सलमुळे.

पहिलं पार्सल आलं, पाय हुकाला टांगला आणि काहीतरी खटकलं. मांडीच्या हाडाचा गोळा आत वळलेला, टिबिया म्हणजे नडगी आतल्या अंगाला, तिच्या शेजारचं बारीक हाड, फिब्युला, बाहेर. इथवर ठीक. पण पायाचा अंगठा फिब्युलाच्या बाजूला! तो नडगीच्या बाजूला हवा. पाय उजवा, पाऊल डावं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, "मॅडम, पाऊल फिरवून लावा ना." फिरवलं तर अंगठा आत येतो खरा, पण टाच पुढे! हडळीचे पाय विकत घेतले नव्हते मी. फोटो पाठवल्यावर मात्र मुकाट्याने बदलून दिलं, अकरा दिवसांनी.

दुसरं बरं निघालं. खोक्यावर 30 हाडं लिहिली होती, मी मोजली: मांडीचं एक, गुडघ्याची वाटी, टिबिया, फिब्युला आणि पावलात 26. खुब्याचं हाड यात येत नाही, ते हवं असेल तर वेगळं बघा. घोटा फार छान केलाय. बाहेरचा घोटा आतल्यापेक्षा खाली उतरतो आणि किंचित मागेही असतो, ते बरोबर दिसतं. आतला नडगीचा आणि बाहेरचा फिब्युलाचा, ही दोन टोकं मधल्या टॅलसला, म्हणजे पावलाच्या सगळ्यात वरच्या हाडाला, चिमट्यात धरतात, हे पेशंटला हात लावून कळतं. एक आजी स्वतःचे घोटे चाचपून म्हणाल्या, "अगं बाई, खरंच की! सत्तर वर्षं पाय वापरतेय, कधी बघितलंच नाही."

फिब्युला मात्र घोळ घालते. तिचं वरचं टोक गुडघ्याच्या सांध्याच्या खाली, बाहेरून नडगीला टेकलेलं असतं. गुडघ्याच्या सांध्यात ती नसतेच. या मॉडेलमध्ये ते टोक चांगलं बोटभर वर चढवलंय, पार मांडीच्या हाडाला भिडतं. कुणी म्हणेल, बोटभराने काय होतंय? पण त्या टोकाच्या जरा खाली, फिब्युलाच्या मानेला वळसा घालून एक नस जाते. प्लास्टर तिथे घट्ट बसलं तर पाऊल वर उचलता येईनासं होतं, चालताना पावलाचा पुढचा भाग फरफटतो. ही जागा मला रोज बोट ठेवून दाखवावी लागते. आता मार्करने खूण करून ठेवलीय.

वाटी स्प्रिंगवर बसवलीय, ही युक्ती आवडली. खरी वाटी मांडीच्या स्नायूच्या कंडऱ्यात असते, गुडघा वाकला की सरकते. इथे निदान हलते तरी. बोटांची हाडं तारेत ओवलेली आहेत, सुटी करता येत नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी हे घेऊ नये. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, हाड हातात देऊन डावं की उजवं विचारतात, त्यासाठी सुट्या हाडांचा संचच बरा.

हुक तकलादू आहे, आठवड्यात वाकला. सायकलच्या दुकानातून लोखंडी बसवून आणला, 40 रुपये.