ब्लू कार्डचं 76,700 रुपयांचं पॅकेज

नोकरी माझी मीच शोधली होती, हे आधीच सांगते. जर्मनीतल्या स्टुटगार्टजवळच्या एका कंपनीने डिझाइन इंजिनिअर म्हणून वर्षाला 46,000 युरोंची ऑफर दिली आणि घरच्यांनी ठरवलं, ब्लू कार्डच्या (उच्चशिक्षितांना तिथे राहून नोकरी करायचा परवाना) कागदपत्रांना 'जाणकार माणूस' हवा. म्हणून दादर पश्चिमेच्या एका व्हिसा सल्लागाराकडे गेले. नाव लिहीत नाही. फी 65,000, वर 18 टक्के जीएसटी. अर्धे पैसे आधी.

पहिल्याच भेटीत साहेबांनी मान हलवली. "ब्लू कार्डला वर्षाला 48,300 युरो पगार लागतो, मॅडम. तुमचं ऑपॉर्च्युनिटी कार्ड करू." ऑफर हातात असताना नोकरी शोधायचं कार्ड! शिवाय त्यासाठी महिन्याला 1,091 युरोंच्या हिशेबाने वर्षभराची रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच पैसे काढता येतात अशा खात्यात, दाखवायची. बाबांचा चेहरा बघवत नव्हता.

रात्री भांडुपला घरी येऊन 'मेक इट इन जर्मनी' हे त्यांचं सरकारी पोर्टल उघडलं. 48,300 ही 2025 ची सर्वसाधारण मर्यादा. इंजिनिअर मात्र टंचाईच्या व्यवसायांत मोडतात, त्यांना त्या वर्षी 43,759.80 पुरत होते, फक्त तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते. ज्याचा हाच धंदा, त्याला हे माहीत नसावं? दुसऱ्या दिवशी पान समोर ठेवलं तर म्हणाले, "हो हो, तसंही करता येईल."

मग पदवीच्या मूल्यांकनाचा आग्रह सुरू झाला. 208 युरो, वर यांचा हाताळणी खर्च वेगळा. अनाबिन नावाचा परदेशी विद्यापीठांचा आणि पदव्यांचा जर्मन डेटाबेस आहे, फुकट. सगळा जर्मन भाषेत, त्यामुळे लोकलमध्ये उभ्याने फोनवर भाषांतर करत वाचला. मुंबई विद्यापीठ तिथे 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त आहे, माझी बीईसुद्धा समकक्ष म्हणून सापडली. दोन्ही पानांच्या प्रिंट पुरल्या.

आता कौतुक. सल्लागाराच्या ऑफिसातल्या काउंटरवरच्या ताईंनी माझी फाइल पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्या नावाचं काय?" आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं, शेवटी आईचं. पासपोर्टवर नुसतं नाव आणि आडनाव. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही, पण परक्या अधिकाऱ्याला ही दोन माणसं वाटू शकतात. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा दिला, नोटरीकडून शिक्का मारून आणायला लावला, सीव्हीत राहिलेला सात महिन्यांचा खंडही दाखवला (आजीच्या आजारपणात घरी होते). हे मला एकटीला सुचलं नसतं.

बाकी साहेबांचं काम पोस्टमनचं, कागद इकडून तिकडे. नोकरीबाबतचं निवेदन कंपनीच्या एचआरने भरून पाठवलं. अर्ज जर्मन परराष्ट्र खात्याच्या पोर्टलवर ऑनलाइन, तो मीच टाइप केला, साहेब शेजारी बसून चहा पीत होते. व्हिसाचे 75 युरो माझ्या खिशातून, पॅकेजमध्ये नाहीत. आणि हो, जर्मन भाषेची परीक्षा ब्लू कार्डला लागत नाही. तिथे कायमचं राहायचं असेल तर उपयोगी, बी-वन पातळीचं जर्मन असेल तर 27 ऐवजी 21 महिन्यांत अर्ज करता येतो. हेही मलाच शोधावं लागलं.

पाचपैकी अडीच. त्यातले दोन ताईंचे.

व्हिसाचा शिक्का बसला त्याच संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला: पाच तारे द्या, हजार रुपये परत मिळतील.