एमजीबीसाठी ओव्हरड्राइव्ह: अख्खा गिअरबॉक्स घ्यावा की नुसते युनिट?

गोव्यात एमजीबी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्याला ओव्हरड्राइव्हची, म्हणजे गिअरबॉक्सच्या मागे बसून त्याच वेगाला इंजिनाचे फेरे कमी करणाऱ्या युनिटची, गरज किती, हे तो गाडी कुठे चालवतो यावर ठरते. म्हापसा ते शिवोली अशा रस्त्यावर चौथा गिअरच मोजक्या वेळा पडतो, तेव्हा एवढ्याच फेऱ्या असतील तर या खर्चात पडू नये. पत्रादेवीपासून पोळेपर्यंत महामार्ग ६६ वरून जाणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. थेट चौथ्या गिअरमध्ये ताशी ९० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे ३,१०० फेरे घेते; लेकॉक कंपनीचे एलएच प्रकारचे, फेरे ०.८२ पटीवर आणणारे ओव्हरड्राइव्ह युनिट लागले की ते साधारण २,५५० वर येते आणि शेजारच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येते.

भंगारात निघालेल्या गाडीतून ओव्हरड्राइव्हसह अख्खा गिअरबॉक्स घेणे महाग पडते, तरी माझा कल तिकडेच आहे. एमजीबीत गिअरबॉक्स काढण्यासाठी इंजिनही बाहेर काढावे लागते, त्यामुळे काम दोनदा करावे लागणे हाच सगळ्यात मोठा खर्च असतो. नुसते युनिट स्वस्त मिळते खरे. पण साध्या गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, त्याला चालत नाही. मेनशाफ्ट आणि मागचे आवरण बदलायचे म्हणजे गिअरबॉक्स पूर्ण खोलणे आले. फोंड्याच्या एका गॅरेजमध्ये हे काम मी जवळून पाहिले आहे. युनिटच्या आत एकामागे एक असलेल्या दोन स्प्लाइन (शाफ्टचे दाते ज्यात बसतात त्या खाचा) मिस्त्रींनी लांब स्क्रूड्रायव्हरने हळूहळू एका रेषेत आणल्या, युनिटमधला तेलपंप चालवणाऱ्या कॅमची (उंचसखल चकतीची) सखल बाजू पंपाकडे केली आणि मगच शाफ्ट आत सरकवला. तिथे जोर लावला असता, तर आतले भाग तुटले असते. म्हणून आपला गिअरबॉक्स निर्दोष आहे आणि योग्य मेनशाफ्ट हातात आहे, अशी खात्री असणाऱ्यानेच हा मार्ग धरावा.

अख्खा गिअरबॉक्स घेताना मात्र पिढी जुळली पाहिजे. १९६२ ते १९६७ च्या गाड्यांत पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर बदलताना दोन भागांचा वेग जुळवणारी रचना) नाही आणि त्यांना डी-टाइप ओव्हरड्राइव्ह युनिट येते. नंतरच्या गाड्यांत चारही गिअरना सिंक्रो असून एलएच युनिट येते. नंतरचा गिअरबॉक्स आधीच्या गाडीत बसवायचा तर बोगद्याचा, म्हणजे गिअरबॉक्सवरच्या बॉडीच्या उंचवट्याचा, पत्रा कापावा लागतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करताना चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनातील बदल आड येतो, तेव्हा असा पत्रा कापण्याचा विचारही करू नये.

पैसे देण्यापूर्वी युनिटच्या तळाचे झाकण उघडून चाळणी पाहावी. पितळेचे चकाकते कण सिंक्रो झिजल्याचे सांगतात, तर काळा तंतुमय गाळ कोन क्लचचे, म्हणजे ओव्हरड्राइव्ह लावणाऱ्या शंकूच्या आकाराच्या क्लचचे, अस्तर गेल्याचे. स्पीडोमीटरच्या डायलवर छापलेला, एका मैलाला त्याची केबल किती फेरे घेते तो आकडा नव्या गिअरबॉक्सशी जुळतो का, हेही विचारून घ्यावे. वायरिंग करताना फक्त वरच्या गिअरमध्येच प्रवाह सोडणारा स्विच कधीही वगळू देऊ नये, कारण ओव्हरड्राइव्ह लागलेले असताना गाडी रिव्हर्स घेतली तर आतला एकदिशी क्लच तिथेच निकामी होतो.