बुरांश पाहायचाय: चोपता की बर्से?

फुललेल्या बुरांशासाठी, म्हणजे हिमालयातल्या ऱ्होडोडेंड्रॉनसाठी, रजा टाकायची म्हटलं की घोडं या दोन नावांवर अडतं. उत्तराखंडातलं चोपता की पश्चिम सिक्कीममधलं बर्से? मी दोन्ही केलंय. ऋषिकेशहून उखीमठमार्गे कसं जायचं, जोरथांगहून हिले कसं गाठायचं, हे तुम्ही शोधलं असेलच, ते सोडून देतो.

जाती मोजायच्या तर बर्से सरळ जिंकतं. 104 चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य ऱ्होडोडेंड्रॉनच्याच नावाचं आहे. लाल गुरांस, म्हणजे आपला लाल बुरांश, शास्त्रीय नावाने अर्बोरियम, आहेच. शिवाय फाल्कोनेरी ही जात आहे: वीतभराहून लांब सुरकुतलेली पानं, खालून तांबूस लव, सायीच्या रंगाची फुलं. बार्बाटम या आणखी एका जातीची साल सोलत जाते आणि पानाच्या देठावर राठ केस असतात. वनस्पतींची वही घेऊन फिरणाऱ्यांनी पुढचं वाचूच नये, त्यांनी बर्सेलाच जावं.

चोपत्याला झाड होणारी मुख्य जात अर्बोरियमच. पण ती उंचीगणिक बदलते. सारी गावाजवळ गडद लाल, वर चोपत्याकडे गुलाबी, आणखी वर फिकट, आणि झाडही ठेंगणं. चोपत्याहून वर तुंगनाथच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर सव्वातीन-साडेतीन हजार मीटरच्या आसपास झाडं संपून झुडपी, जांभळट फुलांचा कॅम्पान्युलाटम सुरू होतो. जाता जाता पान उलटून बघा. इथे ते खालून चंदेरी दिसतं. पूर्वेकडे, जरा उंचावरच्या अर्बोरियमला खालून दालचिनी रंगाची लव असते. जात तीच, उपजात वेगळी.

आता माझं घोडं कुठे अडलं ते. हिलेहून बर्सेची चारेक किलोमीटरची वाट बरीचशी दाट जंगलातून जाते. दाटीत अर्बोरियम उजेडासाठी सरळ वर वाढतो, खालच्या फांद्या मरतात आणि फुलं थेट शेंड्याला लागतात. मला दिसले ते मुख्यतः बुंधे, शेवाळ आणि वाटेवर गळून पडलेल्या लाल घंटा. त्यात सकाळ सरायच्या आत ढग उतरले. सायीच्या रंगाची फुलं पांढऱ्या आभाळात कशी शोधायची? मान वर करून करून दुखायला लागली. माझं नशीब खराब असेल. कुणाला दिवसभर लख्ख कांचनजंगाही मिळाला असेल.

चोपत्याला मात्र बुग्याळांच्या, म्हणजे डोंगरावरच्या गवताळ कुरणांच्या, कडेला झाडं मोकळी उभी असतात, चौफेर उजेड मिळाल्याने फांद्या खालपर्यंत टिकतात. उतारावरच्या झाडाचा शेंडा वरच्या वाटेवरून डोळ्यांसमोर येतो. पंधरा-वीस फुलांचा गुच्छ हाताच्या अंतरावर, पाकळ्यांच्या तळाशी मधाचे काळपट ठिपकेही दिसतात. फुलांसाठीच जायचं तर मला तरी हे जास्त भावलं. गाड्या आणि गोंगाट आहे, नाही कसं म्हणू? पण चोपत्याच्या अलीकडच्या दुगलबिट्टाच्या बाजूने चालत निघालात तर तोही बराच मागे पडतो. सरबत मात्र लाल बुरांशाचंच प्या. बाकीच्या जातींची फुलं तोंडात घालू नका, काही विषारी असतात.

एक अडचण चोपत्याचीही आहे. तुंगनाथाचे दरवाजे उघडेपर्यंत खालचा लाल बहर ओसरलेला असतो. दर्शन हवं असेल तर मे महिना धरा आणि वरच्या जांभळट झुडपांवर समाधान माना. लाल झाडं हवी असतील तर मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत जा. वर तुंगनाथच्या वाटेवर तेव्हा बर्फ असू शकतो, बूट तसे घ्या.