तीन मीटरवरून शांत

आधीच सांगतो, हे धूळ ओढायचं व्हॅक्यूम यंत्र कोणी माझ्या गळ्यात मारलं नाही. चार दिवस वाचून, व्हिडिओ बघून, विक्रेत्याशी दोनदा फोनवर बोलून मी ते घेतलं. म्हणून तर जास्त झोंबतंय.

घरातल्या एका खोलीत माझं लाकडाचं काम चालतं. घासायला ऑर्बिटल सँडर, कापायला जिगसॉ, बाकी रंधे-पटाशा. पलीकडच्या खोलीत सासूबाई दुपारी पडतात. जुना घरगुती व्हॅक्यूम लावला की त्या उठून दारात येऊन उभ्या राहायच्या. बोलायच्या काहीच नाहीत. बोलल्या असत्या तर परवडलं असतं. धूळ तशीच सोडणंही जमण्यासारखं नव्हतं. लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करू शकते, असं कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 सालीच जाहीर केलेलं आहे, आणि माझं निम्मं काम एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू गोंदात दाबून केलेल्या फळ्यांचं. तेव्हा धूळ नीट ओढणारं आणि कमी आवाजाचं यंत्र शोधायला लागलो.

जाहिरातीत ठळक लिहिलं होतं: 62 डेसिबल, एच 13 हेपा फिल्टर, एम क्लास, 3 एचपी. हेपा म्हणजे अतिबारीक धूळ अडवणारा फिल्टर, आणि एम क्लास म्हणजे लाकडाच्या धुळीसारख्या घातक धुळीसाठीच्या यंत्रांचा वर्ग. विक्रेता म्हणाला, "साहेब, यंत्र चालू ठेवून फोनवर बोलाल." वर व्हिडिओ पाठवला. टेबलावर आवाज मोजायचं मीटर, त्यावर 62, मागे यंत्र चालू. मी खूश. त्याच वेळी दुसऱ्या एका यंत्राच्या माहितीपत्रकात '70 डेसिबल, एक मीटरवर, पूर्ण वेगात' असं लिहिलेलं होतं. ते मी 'फार आवाज करतं' म्हणून बाजूला टाकलं. खरं बोलणाऱ्याला मी स्वतःच्या हाताने बाद केलं.

खोकं आलं, जोडलं, बटण दाबलं. सासूबाई दारात.

एका मित्राकडे आवाज मोजायचं चांगलं मीटर आहे, ते आणलं. एक मीटरवर, पूर्ण वेगात, नळी लावून 78 डेसिबल. 62 आणि 78 मध्ये फरक 16 चा, ऐकायला किरकोळ वाटतो. पण डेसिबलचं गणित सरळ नसतं. 10 डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो आणि ध्वनीची ऊर्जा 10 पट झालेली असते. 16 म्हणजे कानाला सुमारे तिप्पट, ऊर्जेत जवळजवळ 40 पट.

मग तो व्हिडिओ पुन्हा लावला आणि थांबवून थांबवून पाहिला. टेबल आणि यंत्र यांच्यामध्ये पाच फरशा दिसत होत्या. दोन फुटी फरशी धरली तर दहा फूट, म्हणजे तीन मीटर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी भरतात. एकाचे तीन मीटर केले की साडेनऊ गेले. शूटिंग मोठ्या मोकळ्या शेडमध्ये. माझ्या खोलीत भिंती आवाज परत फेकतात, तिथे लांब जाऊनही एवढा फायदा मिळत नाही. उरलेल्या साडेसहाचा हिशेब चित्र मोठं केल्यावर लागला. वेगाच्या गोल बटणावरचा लाल ठिपका सगळ्यात कमीवर होता. म्हणजे मीटरवरचा 62 खोटा नव्हताच. खोटं जे होतं ते मी विचारलंच नव्हतं.

'3 एचपी'चंही तेच. तीन हॉर्सपॉवर म्हणजे सव्वादोन हजार वॉटच्या आसपास. यंत्राच्या बुडाला चिकटवलेल्या नेमप्लेटवर लिहिलंय 1000 वॉट. खोक्यावर तीनच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरात 'पीक' आहे, म्हणजे क्षणभराची कमाल ताकद. हवेच्या प्रवाहाचा आणि ओढीचा आकडा खोक्यावर शेजारी शेजारी छापलाय, पण पहिला नळीचं तोंड पूर्ण उघडं ठेवून काढतात आणि दुसरा तोंड पूर्ण बंद करून. दोन्ही एकाच वेळी मिळत नाहीत. सँडरला बारीक नळी लावली की मधलंच काहीतरी पदरात पडतं, आणि ते खोक्यावर नसतं.

इथपर्यंत मी विक्रेत्याला चलाख म्हटलं असतं. फिल्टरपाशी मात्र सरळ लबाडी होती.

एमडीएफची एक फळी घासली, दिवे घालवले आणि यंत्राची हवा बाहेर पडते तिथे टॉर्च आडवी धरली. उजेडाच्या झोतात धूळ नुसती नाचत होती. एच 13 फिल्टरने सगळ्यात निसटते कणसुद्धा 99.95 टक्के अडवायला हवेत, आणि असा प्रत्येक फिल्टर कारखान्यात वेगळा तपासतात. माझा बाहेर काढला. बाजूला 'एच 13'चं चकचकीत स्टिकर. कोपरा नखाने उचलला, तर खाली जुनी छपाई: 'कोरड्या कचऱ्यासाठी, धुता येतो.' एवढंच. पुठ्ठ्याची कड आणि रबर यांच्यात पोस्टकार्ड सहज सरकलं, म्हणजे फिल्टर खरा असता तरी धूळ बगल देऊन गेलीच असती.

एम क्लासचं तर मी घेण्याआधीच ओळखायला हवं होतं. त्या वर्गाच्या यंत्रातून 0.1 टक्क्याहून जास्त धूळ निसटता कामा नये, आणि नळीतल्या हवेचा वेग सेकंदाला 20 मीटरच्या खाली गेला की यंत्राने इशारा द्यावा लागतो. माझ्या यंत्रात ना दिवा, ना बझर. नळी तळहाताने पूर्ण दाबून धरली तरी ते नुसतं किंचाळत राहिलं.

विक्रेत्याला फोन लावला. तो म्हणाला, वापरलेला फिल्टर परत घेत नाही आणि फिल्टरशिवाय यंत्र परत घेत नाही. मी म्हटलं, "अहो, चालवल्याशिवाय आवाज कळणार कसा?" त्यावर तो म्हणे, "व्हिडिओत ऐकवला होता की साहेब." दुसऱ्या दिवशी जाहिरात उघडली तर '62 डेसिबल'चं '62 डेसिबलपासून' झालेलं. जुन्या पानाचा फोटो मी काढून ठेवला नव्हता. तुम्ही पैसे देण्याआधी काढा, आणि नेमप्लेटचा फोटोही मागवा. तो द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका. आवाजाचा आकडा किती मीटरवरचा, कोणत्या वेगाचा, हे फोनवर नको, लेखी विचारा. एरवी ध्वनिशक्तीचा, म्हणजे यंत्र एकूण किती आवाज बाहेर टाकतं त्याचा, आकडा देणारं यंत्र उगाच कर्कश वाटेल. मोकळ्या जागेत जमिनीवर ठेवलेल्या यंत्राचा तो आकडा एक मीटरवरच्या आवाजापेक्षा सुमारे 8 ने मोठा असतो.

यंत्र विकून टाकावं असं वाटलं होतं, पण विकताना मीही तेच चार आकडे सांगणार का? मग ठेवलं. आता फक्त भुसा आणि रंध्याच्या साली ओढायला वापरतो, तोंडाला मास्क, कानाला इअरमफ. सासूबाईंनाही इअरमफची एक जोडी आणून दिली. त्या घालत नाहीत. दारात येताना हातात घेऊन येतात.