जुना फ्लॅटबेड स्कॅनर आणि महायुद्धातले देशी बॉडीचे ट्रक : काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव

बिलं, आधारकार्ड, सोसायटीचे कागद एवढंच स्कॅन करायचं असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी नाही, त्याला फोनचं अॅप पुरतं. मी हा स्कॅनर घेतला तो एकाच कामासाठी. दुसऱ्या महायुद्धात आपल्या फौजेकडे जे ट्रक होते, म्हणजे चेसी (खालचा सांगाडा) आणि इंजिन कॅनडाचं नाहीतर अमेरिकेचं आणि मागची बॉडी इथे हिंदुस्थानात बांधलेली, त्यांचे घरोघरी पडून असलेले फोटो नीट उतरवून घ्यायचे आणि त्यातली गाडी नक्की कोणती ते शोधायचं. ठाण्यात आणि नवी मुंबईत असे फोटो खूप आहेत, फक्त कुणी विचारत नाही. सातारा, रत्नागिरी, रायगडकडून पोटापाण्यासाठी इकडे आलेली घरं, त्यांच्या आजोबा-पणजोबांनी भरती होऊन इराक, इजिप्त, इटली, ब्रह्मदेश पाहिलेला, आणि तिथला एखाददुसरा फोटो पत्र्याच्या पेटीतून गावाहून माळ्यावर आलेला. आता नौपाड्यात, पाचपाखाडीत बिल्डिंगी रिडेव्हलपमेंटला चालल्यात, घरं रिकामी होतायत आणि त्या गडबडीत पेट्या भंगारात जातायत, म्हणून मला हे काम आत्ताच करायचं आहे.

तर मशीन. सेकंडहँड आहे, मॉडेल बंद झालंय म्हणून नाव देत नाही, पण घेताना काय बघायचं ते सांगतो. स्कॅनरचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, सीसीडी प्रकारचा हवा. आजकालचे पातळ, हलके, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर बहुतेक सीआयएस या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचे असतात, त्यात काचेला अगदी चिकटलेलं तेवढंच शार्प येतं. आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा फोटो कधी सपाट असतो का, कडा वळलेल्या, मधे फुगलेला, नाहीतर फ्रेमच्या काचेलाच चिकटून बसलेला असतो. असा चिकटलेला फोटो कधीही सोलून काढू नका, सगळी इमल्शन, म्हणजे ज्या थरात चित्र असतं तो थर, काचेवर राहते, आहे तसाच काचेसकट ठेवून स्कॅन करा, सीसीडीला ते जमतं. तोटा एकच, मशीन जाडजूड आणि जड आहे, वेगळा अडॅप्टर लागतो, आणि मी फोटो कुणाच्या घराबाहेर नेत नाही म्हणून ते धूड रिक्षात घालून मलाच फिरावं लागतं. चरईतल्या एका आजींनी तर दारातच सांगितलं, "फोटो न्यायचा नाही हो, काय करायचं ते इथं माझ्यासमोर करा, चहा मिळेल." बरोबरच आहे त्यांचं.

सेटिंगबद्दल लोक फार गोंधळ घालतात. डब्यावर ४८०० डीपीआय (एका इंचात किती ठिपके) लिहिलंय म्हणून ४८०० ला स्कॅन करत बसू नका. त्या काळातले बरेच फोटो ६ बाय ९ सेंटीमीटरच्या निगेटिव्हवरून थेट त्याच साइझचे छापलेले असतात, कागदात जेवढं आहे तेवढं १२०० डीपीआयला येतं, त्यापुढे नुसता कागदाचा पोत मोठा होतो. १२०० ला साधारण १ कोटी २० लाख पिक्सेल मिळतात, ४८ बिट कलरमध्ये फाइल सत्तर एमबीच्या आसपास. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी कलरमध्येच स्कॅन करा, हे मी ठासून सांगतो, कारण कलर स्कॅन लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलचा, म्हणजे थरांचा, असतो, आणि पिवळे डाग निळ्या चॅनलमध्ये गडद दिसतात आणि लाल चॅनलमध्ये जवळपास गायब होतात. नुसता लाल चॅनल काढला की डागाखाली दडलेलं बोनेट, चाक, माणसाच्या दंडावरचा बिल्ला असं काय काय वर येतं. काळ्या भागावर चंदेरी चकाकी आलेली असेल तर फोटो काचेवर ९० अंशात फिरवून परत एकदा स्कॅन करायचा, चकाकी बऱ्याचदा कमी होते. आणि मागची बाजू स्कॅन केल्याशिवाय फोटो परत द्यायचा नाही, स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीने लिहिलेलं गाव, कधी नुसता नंबर, अर्धी माहिती तिथेच असते.

आता हे सगळं कशासाठी ते सांगतो, कारण इथेच खरी मजा आहे.

त्या काळी मुंबईत मोटारींचे भाग पेट्यांतून बोटीने यायचे आणि इथे जोडणी व्हायची. फोर्डने हिंदुस्थानात कंपनी काढली १९२६ साली, जनरल मोटर्सने शिवडीला कारखाना टाकला १९२८ साली. युद्ध सुरू झालं तेव्हा हा सगळा संसार हाताशी होता. बोटीत जागा सोन्याच्या भावाची होती, आणि मागे माल भरायचा हौदा बांधलेला तयार ट्रक बोटीत चढवायचा म्हणजे निम्मी हवाच वाहून न्यायची. त्यापेक्षा चेसी, इंजिन, पुढचा भाग आणायचा आणि मागचं लाकडाचं, पत्र्याचं काम इथे करायचं. आपल्याला यात नवीन काही वाटत नाही, कारण आजही नुसती चेसी चालवत आणून बॉडी बांधून घेणारे लोक आपण पाहतोच.

यातल्या पुष्कळ गाड्या ज्या कॅनेडियन मिलिटरी पॅटर्नच्या होत्या तो प्रकार समजून घेतला की अर्धं कोडं सुटतं. कॅनडाने युद्धात ८ लाखांवर लष्करी वाहनं बनवली, त्यात हा पॅटर्न फोर्ड आणि शेव्हरोले दोघांनी मिळून बनवला, दिसायला जवळजवळ सारखा, नाक चपटं, पण आत इंजिन वेगळं. फोर्डचं व्ही-८, ९५ हॉर्सपॉवरचं, शेव्हरोलेचं सहा सिलिंडर, ८५ चं. नावं पण सोपी आहेत, एफ म्हणजे फोर्ड, सी म्हणजे शेव्हरोले, पुढचा आकडा हंड्रेडवेटमध्ये भार. एक हंड्रेडवेट म्हणजे ११२ पौंड, म्हणून एफ-१५ हा साधारण ७६० किलो नेणारा छोटा ट्रक आणि एफ-६० हा तीन टनी.

फोटोत ओळखायचं कसं? मी आता ठरवूनच आधी चाकं बघतो. या पॅटर्नच्या चाकाची रिम दोन भागांची असते आणि कडेने गोल बोल्टची रांग असते, १२०० डीपीआयला ती मोजता येते, फोनच्या फोटोत नुसता काळा गोल दिसतो. मग मागचं चाक. साध्या सिव्हिल ट्रकला मागे जोडचाक असतं, या पॅटर्नच्या तीन टनीला मागे एकच मोठं, १०.५० बाय २० चं टायर. मग पुढच्या एक्सलखाली गोल फुगवटा दिसतो का ते बघायचं, दिसला तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद. शेवटी काच. १९४१ च्या अखेरीपासून आलेल्या १३ नंबरच्या केबिनची पुढची काच उलटी कललेली असते, वरची कड पुढे आणि खालची मागे, ऊन चमकून वरून विमानाला दिसू नये म्हणून. आता माझ्याकडच्या काही फोटोंत नाक शंभर टक्के कॅनडाचं, बोल्टवाली चाकंही तीच, आणि काच मात्र सरळ उभी, दाराच्या जागी कॅनव्हास, टपावर ताडपत्री. म्हणजे कारखान्याचं काम बोनेटपाशी संपलं आणि तिथून मागे आपल्याकडच्या सुताराचं आणि लोहाराचं काम सुरू झालं. मला या सगळ्या उद्योगात तीच रेघ शोधायची असते, कारण गाड्यांच्या मासिकांतल्या तक्त्यांमध्ये पुढचा भाग सगळा लिहिलेला असतो, मागच्या भागाबद्दल एक ओळ मिळाली तरी नशीब.

त्या मागच्या भागासाठी मी स्कॅन टॅबलेटवर घेऊन कळंबोलीला गेलो, स्टील मार्केटच्या बाजूला ट्रकच्या बॉड्या बांधणारे आहेत, त्यातल्या एका वयस्कर मिस्त्रीकाकांकडे. त्यांनी हौद्याचा फाळका, म्हणजे उघडून खाली पाडायची फळी, झूम करून करून बघितला आणि म्हणाले, "ह्यो फाळका बघा, बिजागऱ्या तिन्ही एकसारख्या नाहीत, हातानं ठोकलेल्या हायत. आन् ही उभी लाकडं बाहेरून बोल्टनं धरल्यात, म्हंजे फळी मोडली तर रस्त्यात बदलता येती." मी म्हटलं, "काका, ही गाडी मिलिटरीची आहे, ८० वर्षांपूर्वीची." तर ते म्हणाले, "मग काय झालं, फळी तवाबी मोडत हुतीच की." ताडपत्रीच्या कमानी कुठे बसवल्यात, आडव्या बीमवर हौदा कसा ठेवलाय, स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन कसं पडतं, हे त्यांनी ज्या सहजपणे सांगितलं ते मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं. या कामात कुणाला उतरायचं असेल तर आधी बॉडी बांधणाऱ्याशी बोला, मग वाचायला बसा.

चिलखती गाड्यांचा विषय याला लागूनच आहे. इंडियन पॅटर्न व्हील्ड कॅरिअर, ज्याला लोक टाटानगर म्हणायचे, तीही याच पद्धतीची, खाली कॅनेडियन फोर्डची चेसी, वर टाटांच्या जमशेदपूरचं पोलाद आणि रेल्वेच्या वर्कशॉपचं काम, साडेचार हजारांच्या वर बनल्या. त्याआधीची एक गोष्ट तर मला फारच आवडते, १९२० च्या दशकात हिंदुस्थानासाठी आलेल्या क्रॉसली चिलखती गाड्या, घुमटासारखा टरेट (बंदुकीचा फिरता बुरूज) असलेल्या, त्यांच्या चेसी झिजून गेल्या तेव्हा १९३९ च्या सुमारास त्यांची बॉडी उचलून शेव्हरोलेच्या चेसीवर बसवली गेली. म्हणजे बॉडी जुनी, चेसी नवी. ज्यांना अशा जुन्या चिलखती गाड्या प्रत्यक्ष बघायच्या आहेत त्यांनी नगरचं रणगाडा संग्रहालय बघून यावं, १९९४ पासून आहे, ठाण्याहून पहाटे निघालं तर एका दिवसात होतं.

फोटोची तारीख ठरवताना स्कॅनर पुन्हा कामाला येतो. मडगार्डवर डिव्हिजनचं, म्हणजे फौजेच्या मोठ्या तुकडीचं, चिन्ह असतं, पाचव्या डिव्हिजनचा लाल गोळा, सतराव्याचं काळं मांजर, चौथ्याचा गरुड. सेन्सॉरवाले बऱ्याचदा ते खरवडून टाकायचे, पण घरी आलेल्या खासगी फोटोत ते राहून गेलेलं असतं. एक गोष्ट मात्र घरच्यांना समजावून सांगावी लागते. "आजोबा दुसऱ्या महायुद्धात" म्हणून दाखवलेल्या फोटोत मागे शक्तिमान ट्रक उभा असतो. शक्तिमान जबलपूरला १९५९ पासून बनायला लागला, त्यामुळे तो फोटो ६२ चा किंवा ६५ चा असेल, ४२ चा असूच शकत नाही. हे सांगताना जरा जपून सांगा, समोरच्याच्या मनात आजोबांची एक गोष्ट पक्की बसलेली असते, आणि ६२ ला तिथे असणं काही कमी मोठं नाही.

आपल्याच परिसराचंही बघा. आजचं उल्हासनगर म्हणजे युद्धाच्या वेळचा लष्कराचा कल्याण कॅम्प, फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित राहायला आले आणि १९४९ ला शहराला नाव मिळालं. नेवाळीची धावपट्टीही त्याच काळातली. तेव्हा या पट्ट्यातल्या कुणाकडे बराकीसमोरच्या ट्रकचा फोटो निघाला तर तो इटलीचा किंवा ब्रह्मदेशाचा असेल असं गृहीत धरू नका, कदाचित तुमच्या घरापासून तासाभरावरचा असेल. तुलनेसाठी लंडनच्या इम्पिरिअल वॉर म्युझियमचे ऑनलाइन फोटो उत्तम आहेत, हिंदुस्थानातल्या बऱ्याच फोटोंचा नंबर आयएनडी अशा अक्षरांनी सुरू होतो, तिथून शोधायला सुरुवात करा.

मशीनच्या त्रासाबद्दल पण लिहायला हवं. नव्या विंडोजवर कंपनीचा ड्रायव्हर चालत नाही, थर्ड पार्टी सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागलं, तो खर्च धरूनच बजेट काढा. पावसाळ्यात ठाण्याची दमट हवा काचेच्या आतल्या बाजूला धुकं धरते, एका दुकानात साफ करायला दिला तर त्यांनी आतली काच पुसताना ओरखडा पाडला, तो आता प्रत्येक मोठ्या स्कॅनमध्ये उभ्या रेघेसारखा येतो, म्हणून मी फोटो डाव्या अर्ध्यातच ठेवतो. सिलिका जेलच्या पुड्या घालून झाकणाच्या डब्यात ठेवला की धुकं धरत नाही. धूळ आपोआप काढणारी इन्फ्रारेडची सोय ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर चालत नाही, चांदीचे कण इन्फ्रारेड अडवतात, त्यामुळे सगळी धूळच आहे असं समजून मशीन भलताच चित्रभाग पुसून टाकतं, ती बंदच ठेवा. एका स्कॅनला मिनिट-दीड मिनिट लागतं, पूर्ण अल्बम असेल तर सकाळ जाते.

घ्यावा का? घरातले आठ-दहा फोटो असतील तर नको, कुणाकडून तरी करून घ्या. पण आजूबाजूच्या घरांतून फोटो गोळा करायचे असतील, गाडीचं चाक, फाळका, बिजागरी वाचायची असेल, तर जुना सीसीडी फ्लॅटबेड डोळे झाकून घ्या, फक्त घेण्याआधी समोर एक वळलेला फोटो ठेवून १२०० ला स्कॅन करून बघा आणि दिवा गरम व्हायला किती वेळ घेतो ते बघा, पाच मिनिटांनीही रंग स्थिर नसेल तर सोडून द्या. फाइलच्या नावात गाव, घराण्याचं आडनाव नको, फक्त तुमचा नंबर आणि पुढची-मागची बाजू, आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवर त्याच दिवशी त्या घरात ठेवून या.